बँडसाठी बेस, ॲम्प आणि साउंड : खरेदी शेवटापासून सुरू करा

नवा बँड जमला की बेस गिटार (थोडक्यात बेस) वाजवणाऱ्याची खरेदी बहुतेक वेळा एकाच क्रमाने होते. आधी रंग बघून आवडलेला बेस, मग उरलेल्या पैशांत बसेल तो ॲम्प (ॲम्प्लिफायर), आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घाईघाईत केबल. हा क्रम उलटा करून बघा. पहिला प्रश्न असा विचारा : माझा आवाज प्रेक्षकांच्या कानापर्यंत नेमकं कोण नेणार आहे, माझा ॲम्प की पीए (हॉलभर आवाज पोहोचवणारी मिक्सर-स्पीकरची यंत्रणा)? एवढं ठरलं की बाकीची बरीचशी खरेदी आपोआप ठरते, आणि यादीतल्या एक-दोन महागड्या वस्तू चक्क गळून पडतात.

पायरी १ : कुठे वाजवणार ते लिहून काढा

शक्यता तीनच असतात. पहिली, जागेवर पीए सिस्टिम आहे आणि ती चालवणारा साउंडवालाही आहे. अशा ठिकाणी हॉल भरायचं काम पीएचं. तुमच्या ॲम्पने फक्त तुम्हाला आणि ड्रमरला बेस ऐकवला तरी पुरे. दुसरी, छोटी जागा, जिथे स्पीकरमधून फक्त गाणं जातं आणि ड्रम, गिटार, बेस आपापल्या जिवावर वाजतात. इथे ॲम्पला खरोखर दम लागतो. तिसरी, सगळा साउंड बँडच घेऊन जातो, लावतो आणि रात्री उचलतोही.

पुढच्या काही महिन्यांतले कार्यक्रम यांपैकी कोणत्या प्रकारात मोडतात ते प्रामाणिकपणे लिहा. कधीतरी मोठ्या मैदानावर वाजवू, या आशेवर आज मोठं कॅबिनेट (स्पीकरची पेटी) घेऊ नका. मैदानावर पीए असतोच.

पायरी २ : बेस

पहिल्या बेससाठी दोन जुन्या आराखड्यांच्या आसपास राहिलेलं बरं : फेंडर कंपनीने १९५१ मध्ये आणलेला प्रिसिजन आणि १९६० मध्ये आणलेला जॅझ. आज दुकानात दिसणारे बरेचसे बेस, कोणत्याही कंपनीचे असोत, याच दोघांपासून निघालेले आहेत. प्रिसिजनवर १९५७ पासून दोन तुकड्यांत विभागलेला एकच पिकअप (तारांचं कंपन पकडणारं चुंबकी कॉइल) असतो आणि त्याच्या रचनेमुळेच हम, म्हणजे विजेची गुणगुण, कटतो. एक व्हॉल्यूम, एक टोन, संपलं. त्याचा आवाज मधल्या पट्टीत भरलेला असतो, त्यामुळे दोन गिटार एकदम वाजत असतानाही तो दबत नाही. जॅझवर दोन सिंगल कॉइल पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम सारखे उघडे ठेवले की हम जवळपास नाहीसा होतो, एक खाली केला की लगेच डोकं वर काढतो, आणि स्टेजवरच्या दिव्यांना डिमर असेल तर हमखास. बदल्यात दोन पिकअपचं मिश्रण करून आवाजाच्या बऱ्याच छटा मिळतात. जॅझची नेक (मान) नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, ३८ मिमी रुंद असते, प्रिसिजनची साधारण ४१ ते ४४ मिमी. लहान हाताला हा फरक पहिल्या मिनिटात कळतो.

ॲक्टिव्ह बेसमध्ये आतच एक छोटा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) असतो आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. १९७६ च्या म्युझिक मॅन स्टिंगरेपासून हा प्रकार चांगलाच रुळला. आवाज जोरकस येतो आणि बेसवरच बेस-ट्रेबल फिरवता येतात. पण जॅक आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची सवय लावा. बॅटरी संपत आली की आवाज आधी फाटका येतो आणि मग बारीक होत जातो. नवख्या माणसाला वाटतं ॲम्प गेला.

चार तारा की पाच? तुमची गाणी खरोखर ई स्वराच्या खाली जात असतील तरच पाच घ्या. ई तारेची कंपनसंख्या ४१ हर्ट्झ, तर पाचव्या बी तारेची जेमतेम ३१. छोट्या कॅबिनेटमधून तो मूळ स्वर नीट निघतच नाही, आपण ऐकतो ती बहुतेक वरची हार्मोनिक्स (मूळ कंपनसंख्येच्या पटीतले स्वर). एखाद्याच गाण्यात डी हवा असेल तर ई तार एक स्वर उतरवली तरी भागतं.

नेहमीचं स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंच, शॉर्ट स्केल ३० च्या आसपास. शॉर्ट स्केल म्हणजे मुलांचा बेस, ही समजूत डोक्यातून काढून टाका. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा होफनर शॉर्ट स्केलचाच आहे.

सेकंडहँड घेताना असं तपासा

बसून वाजवू नका. पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडून द्या. नेक जमिनीकडे झुकायला लागली तर पूर्ण कार्यक्रमभर डावा हात तिला सावरण्यात जाईल. वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असतं, आणि अर्ध्या किलोचा फरक दुसऱ्या तासात खांद्याला कळतो.

आता ॲम्पला न लावता, सावकाश, प्रत्येक तारेवर पहिल्या फ्रेटपासून (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) शेवटच्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर वाजवा. सगळीकडे थोडी खरखर असेल तर ती सेटअपने (तो काय ते पायरी ३ मध्ये) जाते. एकाच फ्रेटवर तार कडकडत असेल तर तो फ्रेट झिजलेला किंवा त्याच्या पुढचा उचललेला आहे. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लवकर विरतो का तेही ऐका. बोल्टने जोडलेल्या नेकवर असा डेड स्पॉट थोडाफार सापडतोच, पण स्वर उमटताक्षणीच मरत असेल तर दुसरा बेस बघा.

मग ई तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, आणि मध्ये, सात-आठव्या फ्रेटपाशी नजर लावा. तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी, ०.३ मिमीच्या आसपास. फट मोठी असेल किंवा अजिबात नसेल, तर ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या, तिचा बाक ठरवणाऱ्या सळईचा) नट फिरतो का हे विकणाऱ्यालाच फिरवून दाखवायला सांगा. नट जाम असेल तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका. नॉबची खरखर मात्र क्षुल्लक, काँटॅक्ट क्लीनरने जाते. जॅक हलवल्यावर आवाज तुटत असेल तर तेही दहा मिनिटांच्या सोल्डरिंगचं काम आहे. अशा गोष्टी भाव पाडायला उपयोगी पडतात.

पायरी ३ : तारा आणि सेटअप

बेस नवा असो की जुना, घेतल्यावर लगेच सेटअप करून घ्या. नेकचा ताण, तारांची उंची, ब्रिजवर स्वर जुळवणं. साधारण बेस नीट सेट केलेला असेल तर तो वाकड्या महागड्या बेसपेक्षा बरा वाजतो. तारांसाठी ०.०४५ ते ०.१०५ इंचांचा राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेला) संच घेऊन सुरुवात करा. मऊ, ठोस, जुन्या धाटणीचा आवाज हवा असेल तर फ्लॅटवाउंड (वरून चपटी तार गुंडाळलेल्या). अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमरसनने प्रिसिजनवर त्याच वापरल्या. पट्टा रुंद घ्या. आणि पायाखालचा ट्यूनर घ्या, जो दाबला की आवाज बंद होतो. प्रेक्षकांना तुमचं ट्यूनिंग ऐकवायची काही गरज नाही.

पायरी ४ : ॲम्प, आणि वॅटचा गोंधळ

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबू. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. ३०० वॅटच्या ॲम्पऐवजी ५०० वॅटचा घेतला तर पदरात पडतात दोनच्या आसपास डेसिबल. तो फरक जेमतेम जाणवतो. उलट कॅबिनेटची सेन्सिटिव्हिटी बघा : १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात तो आकडा. ९७ आणि १०० डेसिबलच्या दोन कॅबिनेटमधला फरक म्हणजे तुमचे वॅट फुकटात दुप्पट झाल्यासारखंच.

दुसरा गोंधळ ओहमचा. ॲम्पवर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट लिहिलेलं असतं, पण ते बहुतेक ४ ओहमला. एकच ८ ओहमचं कॅबिनेट लावलं तर त्यातले साधारण निम्मे किंवा जरा जास्त मिळतात. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात, ४ ओहमची दोन जोडली की २. ॲम्पच्या मागे लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली कधी जाऊ नका. ॲम्प तापून बंद पडतो किंवा जळतो. म्हणून पहिलं कॅबिनेट ८ ओहमचं घ्या. पुढे गरज पडली तर तसंच दुसरं जोडता येतं. ट्यूब ॲम्पचा (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या) नियम आणखी कडक आहे : स्पीकर न जोडता तो चालू करायचा नाही, आणि ओहमचा स्विच कॅबिनेटशी जुळवूनच ठेवायचा. नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

१९६९ मध्ये ॲम्पेग कंपनीने एसव्हीटी हा ॲम्प आणला : ३०० वॅट, सगळ्या ट्यूब, जोडीला १० इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट. तेव्हाच्या पीएमधून बेस जवळपास जातच नव्हता, त्यामुळे एवढा डोंगर उचलण्यात अर्थ होता. नुसता हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प) ३५ किलोंच्या वर. आज तेवढ्याच वॅटचा क्लास डी नावाच्या हलक्या रचनेचा हेड दोन-तीन किलोंचा येतो आणि बेसच्या बॅगेच्या खिशात मावतो. ट्यूबचा आवाज मलाही आवडतो, पण जिना चढताना आवडत नाही.

तर पहिल्या प्रकारच्या जागांसाठी १०० ते २०० वॅटचा, डीआय आउट (सिग्नल थेट मिक्सरकडे पाठवायची सोय, पायरी ५ बघा) असलेला कॉम्बो, म्हणजे ॲम्प-स्पीकर एकाच पेटीत, पुरतो. दुसऱ्या प्रकारासाठी ३०० ते ५०० वॅटचा हेड आणि १० इंची दोन किंवा १२ इंची एक-दोन स्पीकरचं कॅबिनेट. १५ इंची स्पीकर म्हणजे जास्त खोल बेस, हे ऐकीव आहे. किती खाली जाणार हे पेटीचा आकार, पोर्ट (पेटीला ठेवलेलं भोक) आणि स्पीकर मिळून ठरवतात. नुसता स्पीकरचा व्यास बघून काही कळत नाही. आणि एक लक्षात ठेवा, स्टेजवर किती जोरात वाजवायचं हे बेसवाला ठरवत नाही, ड्रमर ठरवतो. ॲम्प बघायला जाताना त्यालाच बरोबर न्या.

ई तारेच्या स्वराची लहर आठ मीटरपेक्षा लांब असते. त्यामुळे ॲम्पला चिकटून उभं राहिलं की बेस कमी वाटतो आणि हॉलच्या मागच्या भिंतीशी तोच ढणढणतो. कोपऱ्यात ठेवलेला ॲम्प खालचे स्वर आणखी फुगवतो. आवाज वाढवण्याआधी कॅबिनेट खुर्चीच्या उंचीवर ठेवा किंवा मागे कलंडवा. बहुतेकांचा ॲम्प गुडघ्यांना ऐकवत असतो. सगळे नॉब मधोमध ठेवून सुरुवात करा. आवाज चिखलासारखा वाटला तर २०० ते २५० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा. तारेवर बोटाचा आघात नीट ऐकू येत नसेल तर ७०० ते १००० हर्ट्झ थोडं वाढवा. घरी एकट्याने वाजवताना मधली पट्टी काढून टाकली की छान वाटतं, पण बँडमध्ये तोच बेस गायब होतो.

पायरी ५ : डीआय बॉक्स

माझ्या मते बेसनंतरची दुसरी खरेदी हीच. बेसचा सिग्नल नाजूक असतो, लांब केबलमध्ये त्याची चमक जाते आणि वाटेत तो हम गोळा करतो. डीआय बॉक्स त्याला बॅलन्स्ड (वाटेतला हम रद्द होईल असा) करून एक्सएलआर (माइकच्या तीन पिनांच्या) केबलने मिक्सरपर्यंत सुखरूप पोहोचवतो, अंतर पन्नास मीटर असलं तरी. ढोबळ नियम असा : पॅसिव्ह (आत प्रीॲम्प नसलेल्या) बेसला ॲक्टिव्ह डीआय, ॲक्टिव्ह बेसला पॅसिव्ह डीआयसुद्धा चालतो. ॲक्टिव्ह डीआयला बॅटरी किंवा मिक्सरकडून ४८ व्होल्टचं फँटम पॉवर लागतं.

ॲम्पमध्ये डीआय आउट असेल तर त्याशेजारी प्री-पोस्ट असा स्विच असतो. तो प्रीवर ठेवा. म्हणजे तुम्ही स्टेजवर नॉब फिरवलात तरी हॉलमधला आवाज बदलत नाही, आणि साउंडवाला तुमच्यावर डोळे वटारत नाही. हम येत असेल तर डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा स्विच दाबून बघा. टेक २१ कंपनीच्या सॅन्सॲम्पसारखा, डीआय असलेला प्रीॲम्प पेडल घेतलात तर पहिल्या प्रकारच्या जागांवर ॲम्प न नेताही चालतं. बेस, पेडल, दोन केबल, बस.

पायरी ६ : बँडचा स्वतःचा पीए

आधी गळा, मग बाकी सगळं. गायकाचे शब्द कळले नाहीत तर तुमचा बेस किती गोड आहे याचं कुणाला काही पडलेलं नसतं. छोट्या हॉलसाठी आतच ॲम्प असलेले १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर, चांगल्या स्टँडवर, लोकांच्या डोक्यांच्या वर. पेटीवरचा ‘२००० वॅट’ हा बहुधा पीक (क्षणभराचा) आकडा असतो. तुलना करायची तर कमाल डेसिबल आणि कंटिन्युअस (सलग मिळणारे) वॅट बघा. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेससुद्धा पीएतून काढायचा असेल तर सबवूफर हवा, आणि ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्याकडे सोपवायचं. सब नसेल तर बेस ॲम्पवरच ठेवा, नाहीतर गाण्याचे स्पीकर धापा टाकतात.

मिक्सर घेताना चॅनेल बोटांवर मोजा. मुख्य गायक, दोन कोरस, बेसचा डीआय, गिटारच्या ॲम्पपुढचा माइक, कीबोर्डचे दोन, किक ड्रम : झाले आठ. मग बारा किंवा सोळाचा घ्या, कारण पाहुणा कलाकार येतोच. बेहरिंगर एक्सआर१८ सारखे टॅब्लेटवरून चालणारे डिजिटल मिक्सर लहान बँडला फार सोयीचे. १६ माइक इनपुट, प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र ईक्यू (स्वरांच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा) आणि कंप्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारा), आणि झालेली सेटिंग साठवता येते. फक्त त्याच्या आतल्या वायफायच्या भरवशावर राहू नका. प्रेक्षकांच्या खिशात शेकडो फोन आले की तो अडखळतो. वेगळा राउटर जोडा.

गाण्यासाठी शुअर एसएम५८ हा माइक, १९६६ पासून चालत आलेला, पडूनही न मोडणारा. तो कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) आहे. असा माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) त्याच्या बरोबर मागे ठेवायचा. सुपरकार्डिऑइड असेल तर तो मागून थोडं ऐकतो, मग मॉनिटर जरा तिरके, दोन्ही बाजूंना. माइकची जाळी मुठीत धरणारा गायक ही रचनाच मोडून टाकतो आणि शिट्टी सुरू होते. त्याला प्रेमाने सांगा.

मुख्य स्पीकर नेहमी माइकच्या पुढे. किक आणि बेस सोडून प्रत्येक चॅनेलवर ८० ते १०० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचे स्वर अडवणारा फिल्टर) लावा. स्टेजची धडधड गाण्याच्या माइकमधून आत येत नाही. गेन (माइकचा सिग्नल मिक्सरमध्ये किती वाढवायचा ते) ठरवताना गायकाला ‘हॅलो, चेक’ नको, गाण्यातली सगळ्यात जोराची ओळ पूर्ण ताकदीने म्हणायला लावा. डिजिटल मिक्सरवर मीटरची सरासरी उणे १८ डेसिबलच्या आसपास राहिली की बरोबर. मग मॉनिटर सावकाश वाढवत न्या. जो स्वर आधी गुंजायला लागेल तो ईक्यूवर शोधा आणि अरुंद पट्टीत थोडा कापा. असे दोन किंवा तीन काप पुरेत. आठ-दहा काप लागत असतील तर आवाजच जास्त झालाय, किंवा माइक आणि मॉनिटर चुकीच्या जागी आहेत.

कान

कामाच्या जागी आरोग्य जपण्याचं काम बघणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची मर्यादा आहे ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशोबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. तालमीच्या बंद खोलीत तेवढा आवाज सहज होतो. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या, जे सगळ्या पट्ट्या सारख्या कमी करतात. फोमचे वरचे स्वर जास्त खातात आणि सगळं घोंगडीतून ऐकल्यासारखं वाटतं.

पायरी ७ : केबल आणि वीज

बेसची केबल आणि स्पीकरची केबल बाहेरून सारखीच दिसते, कधी कधी दोन्हींना तोच जॅक असतो. आत मात्र एकीत बारीक तार आणि भोवती जाळी, दुसरीत दोन जाड तारा. हेडपासून कॅबिनेटपर्यंत बेसची केबल लावली तर ती तापते आणि ॲम्प धोक्यात येतो. स्पीकॉनची (फिरवून लॉक होणाऱ्या, फक्त स्पीकरसाठीच्या जोडाची) सोय असेल तर तीच वापरा, ती चुकीच्या जागी बसतच नाही. प्रत्येक प्रकारची एक केबल जादा ठेवा, शिवाय ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि गॅफर टेप (केबल चिकटवायची कापडी टेप).

हम जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक अजूनही भेटतात. त्यांच्या ॲम्पला हात लावू नका. एका हातात तारा आणि ओठाला माइक असताना शरीरातून करंट गेला तर तो जीवघेणा ठरतो. स्टेजवरची सगळी वीज शक्यतो एकाच ठिकाणाहून घ्या, आणि गुंडाळीचा एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो पूर्ण सोडवून वापरा. गुंडाळलेला वेटोळा भाराखाली तापतो.

पायरी ८ : कार्यक्रमाच्या दिवशी

चालू करताना आधी मिक्सर, शेवटी स्पीकर. साउंडचेक किकपासून : किक, बाकीचे ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, गळा, आणि मग सगळे मिळून एक जोराचं गाणं. साउंडवाल्याने बेस मागितला की सोलो वाजवू नका. कार्यक्रमात वाजवणार तेच, तेवढ्याच जोराने, सलग वाजवा, आणि प्रत्येक तार त्यात येऊ द्या. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) करणार असाल तर तेही आत्ताच दाखवा, त्याला कंप्रेसर त्याप्रमाणे लावता येतो. नंतर वायरलेस किंवा लांब केबल असेल तर स्वतः हॉलमध्ये उतरून, ड्रमर वाजवत असताना, मधोमध आणि मागच्या भिंतीपाशी उभं राहून ऐका. रिकाम्या हॉलमध्ये बेस जरा जास्त वाटेल. माणसं भरली की हॉलची घुमणारी गुंज बरीच मरते.

बंद करताना उलट : आधी स्पीकर, मग मिक्सर. केबल कोपराभोवती गुंडाळू नका, आतली तार पिळते. एक वेढा सरळ, एक उलटा, असं हातात घ्या. एखादी केबल कार्यक्रमात खरखरली असेल तर तिला तिथल्या तिथे टेपचा तुकडा लावा आणि वेगळ्या पिशवीत टाका. नाहीतर पुढच्या वेळी तीच पहिली हाताला लागते.